टिल्डपुढचं एक अक्षर: एलिक्सिरमधले सिजिल, आणि स्वतःचे बनवावेत का?

विचारणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. जावा सोडून सहा महिन्यांपूर्वी त्या ऐरोलीच्या एका कंपनीत एलिक्सिर या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कामावर लागल्या. कोडमध्ये जागोजागी टिल्ड (~), त्याला चिकटून एक अक्षर आणि पुढे कंस दिसतो. हे सिजिल म्हणजे नुसती सजावट आहे का? साधी स्ट्रिंग, म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूर, लिहिली तर काय बिघडतं? अक्षर कधी लहान, कधी मोठं, ते का? आणि आता त्यांचे लीड म्हणतायत की रुपये, पिनकोड आणि मोबाईल नंबर या तिन्हींसाठी आपण स्वतःचे सिजिल बनवू. बनवावेत का?

शेवटच्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. रुपयांसाठी बनवा, पिनकोड आणि मोबाईलसाठी बनवू नका. असं का, ते कळायला मात्र आधीचे प्रश्न सोडवावे लागतील, आणि त्याला थोडा वेळ लागेल. मी ठाण्यात राहतो, कामासाठी बरीच वर्षं ट्रान्स-हार्बर लोकलने महापेला जातोय, आणि आधी अर्लांग (एलिक्सिर जिच्या पायावर उभी आहे ती भाषा), मग एलिक्सिर असं माझं पोट भरलंय. त्यामुळे उदाहरणं याच पट्ट्यातली येतील.

एक सोय आधी सांगतो. इथे कोडचे तुकडे मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अक्षरं रोमन आणि अंक इंग्रजी घ्यायचे. देवनागरीला लहान-मोठी अक्षरं नाहीत, आणि या विषयात नेमकं तेच महत्त्वाचं, म्हणून मी दर वेळी 'लहान एस', 'मोठा डी' असं तोंडाने सांगेन.

सिजिलची बांधणी सोपी आहे. आधी टिल्ड, मग अक्षर, मग उघडणारं चिन्ह, मजकूर, बंद करणारं चिन्ह, आणि शेवटी हवी असतील तर फेरफाराची अक्षरं. ~डब्ल्यू(ठाणे कळवा मुंब्रा दिवा) असं लहान डब्ल्यूने लिहिलं की चार स्ट्रिंगची यादी मिळते. अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम लिहायचा त्रास वाचला. ही कल्पना रुबीतून आली. एलिक्सिर बनवणारे जुझे व्हालीं हे रुबी ऑन रेल्सच्या मुख्य चमूत होते, आणि रुबीने ती पर्लकडून उचललेली. एलिक्सिर १.० हे २०१४ साली आलं. त्याआधीच्या आवृत्त्यांत टिल्डच्या जागी टक्क्याचं चिन्ह होतं, पुढे ते मॅप आणि स्ट्रक्टच्या (किल्ली-किंमतीच्या जोड्या साठवणाऱ्या रचनांच्या) वाट्याला गेलं. जुना एखादा लेख वाचताना टक्का दिसला तर गोंधळू नका.

आता हे लक्षात घ्या की सिजिल ही भाषेच्या पोटातली जादू नाही. कंपायलरला (कोड चालण्याआधी तो वाचून तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला) ~डब्ल्यू दिसलं की तो 'सिजिल' या शब्दाला अंडरस्कोर आणि ते अक्षर जोडून तयार झालेल्या नावाचं फंक्शन किंवा मॅक्रो (कंपाइल होतानाच चालून कोड तयार करून देणारं फंक्शन) हाकेला बोलावतो. त्याला दोन गोष्टी देतो: मजकूर आणि फेरफाराच्या अक्षरांची यादी. बस. नेहमीचे सगळे कर्नल या मॉड्यूलमध्ये आहेत, म्हणून न मागता मिळतात. उद्या तुम्ही त्याच नमुन्याचं नाव ठेवून फंक्शन लिहिलंत आणि इम्पोर्ट केलंत, की तुमचा सिजिल तयार. लीडसाहेबांना सुचलं ते म्हणूनच. करणं फारच सोपं आहे.

मग साधी स्ट्रिंग का नको? माझ्या मते सगळा मुद्दा एवढाच: लिहिलेली किंमत चुकीची असेल तर ते तुम्हाला कधी कळतं.

एक जुनी गोष्ट सांगतो. महापेच्या एका ऑफिसात मी बिलिंगच्या कामावर होतो. व्याज मोजताना सुट्ट्या वगळायच्या, म्हणून कोणीतरी सुट्ट्यांच्या तारखांची यादी साध्या स्ट्रिंगमध्ये लिहून ठेवली होती. त्यात एक तारीख ३१ नोव्हेंबर. नोव्हेंबर तीसचा असतो हे शाळेत बोटांच्या पेरांवर मोजून सगळेच शिकलेले, पण यादी टाइप करताना कोण पेरं मोजतं! कोड कंपाइल झाला, चाचण्या झाल्या, सर्व्हरवर गेला. ती तारीख प्रत्यक्ष वाचायची वेळ आली महिनाअखेरीच्या रात्री, आणि तेव्हा प्रोसेस कोसळली, पुन्हा उठली, पुन्हा कोसळली. रात्री एक वाजता घणसोलीहून रिक्षाने परत ऑफिसला गेलो होतो, ते अजून आठवतं.

तीच यादी मोठ्या डीच्या सिजिलने लिहिली असती तर? ~डी[१८५३-०४-१६] ही तारीख घ्या. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली तो दिवस. हे लिहिल्यावर तुमच्या हातात स्ट्रिंग नसते, तारखेचं स्ट्रक्ट असतं, आणि ते कंपाइल होतानाच तयार झालेलं असतं. वाराचं फंक्शन लावलंत तर ६ मिळेल, म्हणजे शनिवार. आणि ३१ नोव्हेंबर लिहिलंत तर कंपायलर तिथल्या तिथे थांबतो. चूक तुमच्या लॅपटॉपवर, चहाच्या कपासोबत कळते. मध्यरात्री सर्व्हरवर नाही.

इथे मोठ्या आणि लहान अक्षराचा प्रश्न येतो. लहान अक्षराच्या सिजिलमध्ये दोन गोष्टी चालतात: हॅश आणि महिरपी कंस लिहून मध्येच एखाद्या चलाची किंमत घुसवता येते, आणि उलटा तिरका लावून नवी ओळ, टॅब वगैरे खुणा लिहिता येतात. मोठ्या अक्षरात यातलं काही चालत नाही. लिहिलं तसंच्या तसं पोचतं. अपवाद फक्त एक, बंद करणारं चिन्हच मजकुरात हवं असेल तर त्याच्यापुढे उलटा तिरका चालतो. म्हणून लहान एस म्हणजे नेहमीची स्ट्रिंग, मोठा एस म्हणजे जशीच्या तशी. डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरण म्हणून उलटे तिरके किंवा हॅश-महिरप दाखवायची असेल तर लोक मोठा एस आणि तिहेरी अवतरण वापरतात, ते याचसाठी.

तारखेचा डी, वेळेचा टी, तारीख-वेळ एकत्र असलेला एन आणि यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा, यू हे चारही मोठ्या अक्षरातच का, ते आता उघड आहे. मध्ये चल घुसवता येत असता तर किंमत चालताना ठरली असती, आणि कंपायलरला आधी तपासायला काही उरलं नसतं. मोठं अक्षर म्हणजे लिहिणाऱ्याने दिलेला शब्द: जे आहे ते इथेच, या ओळीत, पूर्ण आहे.

याला छेद देणारी दोन उदाहरणं तुमच्या फीनिक्सच्या (एलिक्सिरच्या वेब फ्रेमवर्कच्या) कोडमध्ये रोज दिसत असतील. पहिलं मोठ्या एचचं. फीनिक्सच्या लाइव्हव्ह्यूमधले पानांचे टेम्प्लेट मोठ्या एचच्या सिजिलमध्ये लिहितात, आणि तरीही आत किमती छान भरल्या जातात. कसं? एलिक्सिर खरंच काही घुसवत नाही. तो कच्चा मजकूर मॅक्रोच्या हातात देतो, आणि मॅक्रो स्वतःच्या नियमांनी तो वाचतो, टॅग जुळतात का बघतो, भरलेल्या किमतींमधली धोक्याची चिन्हं निष्प्रभ करतो. भाषेने आधीच लुडबूड केली असती तर त्याला हे करता आलं नसतं. दुसरं लहान पीचं, फीनिक्स १.७ पासून आलेलं. त्यात वेबचा पत्ता लिहितात, आणि मध्ये आयडी घुसवावाच लागतो म्हणून अक्षर लहान. पण तोही मॅक्रो आहे, त्यामुळे पत्त्याचा आराखडा राउटरमध्ये (कुठला पत्ता कुठे जातो ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) आहे की नाही हे तो कंपाइल होताना पडताळतो आणि नसेल तर इशारा देतो. म्हणजे लहान अक्षर असलं की तपासणी होत नाही असं नाही, पण ती मॅक्रो लिहिणाऱ्याला मेहनत करून आणावी लागते.

तारखांच्या बाबतीत आणखी एक खड्डा, आणि तो आपल्या देशात हमखास पायाखाली येतो. ~डी[२०२४-०३-३१] आणि ~डी[२०२४-०४-०१] या दोन तारखा 'पेक्षा मोठं' या चिन्हाने ताडल्यात तर ३१ मार्च मोठी ठरते. कारण ते चिन्ह कॅलेंडर बघत नाही, स्ट्रक्टच्या आतले भाग किल्ल्यांच्या वर्णक्रमाने बघतं. इंग्रजी वर्णक्रमात दिवस आधी, मग महिना, मग वर्ष. ३१ हे १ पेक्षा मोठं, विषय संपला. आपलं आर्थिक वर्ष बरोबर याच दोन तारखांमध्ये बदलतं, त्यामुळे ज्याने कोणी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिलंय त्याला ही ठेच लागतेच. तारखा ताडायला तारखेच्या मॉड्यूलमधलं तुलनेचं फंक्शन वापरा. एलिक्सिर १.१७ पासून कंपायलरला अशी तुलना ओळखता आली तर तो टोकतो, पण तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे ते बघून घ्या.

आणि यू. त्याच्यात फक्त यूटीसी चालतं. शेवटी अधिक साडेपाच तास लिहून भारतीय वेळ द्यायला गेलात तर चूक दाखवतो. ठाण्यात मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवसाचे १८:३० झालेले असतात. म्हणून '१ एप्रिलपासून नवा दर' याची चाचणी लिहिताना सीमा ~यू[२०२४-०३-३१ १८:३०:००झेड] इथे येते. चाचणीत हे आकडे डोळ्यांसमोर दिसतात, हेच मला आवडतं. वाचणारा थबकतो आणि विचार करतो. उलट त्या पहिल्या गाडीची दुपारची ३:३५ ची वेळ लिहायची झाली तर मी यू नाही, एन वापरेन, म्हणजे वेळेचा पट्टा (टाइमझोन) न जोडलेली वेळ. भारतीय प्रमाणवेळच १९०६ साली आली. १८५३ च्या घड्याळाला यूटीसीचं लेबल लावणं म्हणजे माहीत नसलेलं ठोकून देणं.

~डब्ल्यूकडे परत येतो, कारण तिथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. गाड्यांच्या वेळांचं एक छोटं ॲप घरच्यासाठी करत होतो. ट्रान्स-हार्बरची स्थानकं अशीच लहान डब्ल्यूने लिहिली होती: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. अनेक वर्षं मजेत चाललं. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झालं, मी यादीत ठाण्यानंतर 'दिघा गाव' टाकलं आणि मोकळा झालो. ॲपने 'दिघा' आणि 'गाव' अशी दोन स्थानकं दाखवली, आणि तुर्भे एक घर पुढे सरकलं. सिजिल मोकळ्या जागेवर तोडतो, त्याला गावाचं नाव काय माहीत. सीबीडी बेलापूर टाकलं असतं तरी हेच. ज्या यादीतल्या नावांत कधी ना कधी मोकळी जागा येऊ शकते, तिथे ही सोय नको. अवतरणं लिहायचा कंटाळा करू नका. ठरावीक स्थितींची नावं, कॉलमची नावं असल्या गोष्टींसाठी तो उत्तम.

याच सिजिलला शेवटी ए लावला तर स्ट्रिंगऐवजी ॲटम, म्हणजे नाव हीच किंमत असलेल्या गोष्टी, मिळतात. सोयीचं आहे, पण लहान डब्ल्यूत बाहेरून आलेला मजकूर घुसवून शेवटी ए लावू नका. ॲटम कचऱ्यात जात नाहीत, एकदा तयार झाला की व्हीएम (कोड जिच्यावर चालतो ती यंत्रणा) बंद होईपर्यंत राहतो, आणि मर्यादा मुळात १०,४८,५७६ ची. कोणी खोडसाळपणे फॉर्ममधून नवनवे शब्द पाठवत राहिला तर एका दिवशी अख्खा सर्व्हर बसतो, नुसती एक प्रोसेस नाही.

रुबीतून आलेल्यांसाठी एक वाक्य: एलिक्सिर कंसांच्या जोड्या मोजत नाही. मजकुरात पहिला बंद कंस आला की सिजिल संपला. त्यासाठीच आठ प्रकारची चिन्हं दिलीत: तिरकी रेघ, उभी रेघ, दुहेरी आणि एकेरी अवतरण, गोल, चौकोनी, महिरपी आणि टोकदार कंस. मजकुरात जे नाही ते निवडा. वेबच्या पत्त्याच्या नमुन्याला तिरक्या रेघेत कोंडून मग दर दोन अक्षरांनी उलटा तिरका देत बसलेले लोक मी पाहिलेत.

आता लहान आर, म्हणजे रेजेक्स, मजकूर जुळवून बघायचा नमुना. पिनकोडचं प्रकरण इथेच सुटतं, म्हणून जरा थांबून बघू.

रेजेक्सला मराठी मजकूर द्यायचा तर शेवटी यू हे फेरफाराचं अक्षर लावावंच लागतं; नाहीतर टिंब एका अक्षराला नाही, एका बाइटला जुळतं. 'ठाणे' हा शब्द घ्या. एलिक्सिरला लांबी विचारली तर २ सांगतो, कारण तो डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजतो: ठा, णे. बाइट विचारले तर १२. आणि मधला हिशेब कोडपॉइंटचा (युनिकोडने प्रत्येक खुणेला दिलेल्या आकड्याचा), तो ४: ठ, काना, ण, मात्रा. हे चार आकडे बघायचे असतील तर प्रश्नचिन्हाची खूण आहे. प्रश्नचिन्हाला चिकटून ठ लिहिलं, ?ठ, की २३३६ मिळतो; ?ण म्हणजे २३३९. हीसुद्धा किंमत लिहायची खास चिन्हवाली पद्धतच, फक्त लोकांच्या नजरेत कमी येते.

यू लावला की काम झालं असं वाटतं. इथेच दोन चोर बसलेत. पहिला: रेजेक्समधला 'शब्दातलं अक्षर' हा वर्ग, म्हणजे उलटा तिरका आणि लहान डब्ल्यू. यू असूनही 'ठाणे' या पूर्ण शब्दाला तो जुळत नाही! ठ आणि ण ही अक्षरं म्हणून पास होतात, काना अडकतो, कारण युनिकोडच्या दृष्टीने तो अक्षर नाही, जोडचिन्ह आहे. इंग्रजी नावांवर चाचणी करून नावाचा फॉर्म तयार केला जातो, आणि मग 'राजाराम' अडतो, 'मीनाक्षी' अडते, 'रमण' तेवढा आत जातो. उपाय म्हणजे वर्ग स्वतः लिहायचा: उलटा तिरका, पी आणि महिरपीत एल, ही झाली अक्षरं, तसंच महिरपीत एम, ही झाली काना-मात्रा-अनुस्वार-पाय मोडायचं चिन्ह वगैरे. दोन्ही चौकोनी कंसात एकत्र.

दुसरा चोर याच्या उलट, नको त्याला आत घेणारा. यू लावल्यावर 'अंक' हा वर्ग, म्हणजे उलटा तिरका आणि डी, देवनागरी अंकांनाही जुळतो. नवी मुंबईतल्या एका सेवेच्या फॉर्ममध्ये आम्ही पिनकोड असाच तपासत होतो, सहा अंक आहेत का एवढंच. बहुतेकजण इंग्रजी अंकांतच लिहायचे. एका आजोबांनी फोनचा कीबोर्ड मराठीवर ठेवून ४००७०३ असा देवनागरीत लिहिला. रेजेक्स म्हणाला सहा अंक आहेत, पुढे जा. पुढच्याच ओळीत त्याचा पूर्णांक करायचा होता, आणि पूर्णांक करणारं फंक्शन फक्त इंग्रजी अंक ओळखतं. कोसळलं. आजोबांची काहीच चूक नव्हती, वाशीचा पिनकोड त्यांनी अगदी बरोबर लिहिला होता.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येते. एकतर वर्गाऐवजी चौकोनी कंसात शून्य ते नऊ असे इंग्रजी अंकच लिहायचे, म्हणजे देवनागरी नाकारायचे. मला ते पटलं नाही. मराठी माणसाने मराठीत अंक लिहिला म्हणून त्याला लाल अक्षरात हाकलायचं? आम्ही आधी अंक बदलून घेतले. देवनागरी शून्याचा कोडपॉइंट ?० म्हणजे २४०६, नवाचा २४१५. या टप्प्यातला आकडा आला की त्यातून ?० (इथे शून्य देवनागरीच) वजा करायचा, इंग्रजी शून्याचे ४८ मिळवायचे. दोन ओळींचं फंक्शन. मग तपासणी.

या प्रकरणात सिजिल कुठे होता ते बघा. तो नमुन्यासाठी होता, आणि तिथे तो योग्य होता. नमुना तुम्ही ठरवता, फाइलमध्ये लिहिता, त्यात कंस चुकला तर कंपायलर सांगतो. पिनकोड मात्र समोरचा माणूस टाइप करतो, कंपाइल होऊन गेल्यावर कितीतरी महिन्यांनी. त्याला सिजिलमध्ये कसा घालणार? घालायचा तर लहान अक्षराच्या सिजिलमध्ये घुसवावा लागेल, आणि मग तो एक साधं फंक्शनच झालं, फक्त विचित्र वेशातलं. साधं फंक्शन लिहा, त्याने ओके किंवा एरर परत करू दे. मोबाईल नंबरचंही तंतोतंत हेच.

रेजेक्समध्ये बाहेरचा मजकूर घुसवायचीच वेळ आली, समजा शोधाच्या खिडकीत लिहिलेला शब्द, तर आधी रेजेक्स मॉड्यूलच्या एस्केप फंक्शनमधून काढा. कोणीतरी 'सेक्टर १७ (वाशी' एवढं लिहून बंद कंस विसरतोच, आणि तो उघडा कंस चालत्या प्रोग्रॅममध्ये नमुना मोडतो. आणखी एक, रेजेक्सचा नमुना आपल्या मॉड्यूलच्या ॲट्रिब्यूटमध्ये साठवून ठेवायची अनेकांची सवय आहे. अर्लांगच्या ओटीपी २८ या आवृत्तीत रेजेक्सचं आतलं रूप बदललं आणि ते तसं साठवणं अडचणीचं झालं. जिथे लागतो तिथेच, फंक्शनच्या आत लिहा.

लहान सीबद्दल थोडक्यात, कारण नवे लोक यावर एक दिवस हमखास घालवतात. तो कॅरेक्टरलिस्ट बनवतो, म्हणजे कोडपॉइंटच्या आकड्यांची साधी यादी. अर्लांगच्या जुन्या लायब्रऱ्यांना स्ट्रिंग अशीच लागते. यादी आणि यादीत फरक नसल्यामुळे गंमत होते. आमच्या सोसायटीत ज्यांचा मेंटेनन्स थकलाय त्या फ्लॅटची यादी काढली, ७२, ७८ आणि ८१, आणि पडद्यावर आलं ~सी"एचएनक्यू". डेटा बिघडलेला नाही. तिन्ही आकडे छापता येण्याजोग्या अक्षरांचे निघाले म्हणून दाखवणाऱ्याने अक्षरं दाखवली. किंमत दाखवणाऱ्या इन्स्पेक्ट फंक्शनला कॅरेक्टरलिस्ट यादी म्हणून दाखव असा पर्याय देता येतो. १.१५ पासून दाखवताना निदान ~सी तरी लागतो; आधी नुसतं एकेरी अवतरण दिसायचं आणि जावातून आलेला माणूस त्याला स्ट्रिंगच समजायचा. अर्लांगनेही २०२४ मध्ये ओटीपी २७ पासून सिजिल घेतले, तिथे मुख्य सोय हीच की दुहेरी अवतरणापुढे टिल्ड लावला की यादीऐवजी यूटीएफ-८ बायनरी मिळते.

आता रुपये.

रुपयांची रक्कम कोडमध्ये कुठे लिहिली जाते? चाचण्यांमध्ये, दरपत्रकात, मर्यादांमध्ये. म्हणजे लिहिणारे तुम्हीच. आणि चुका फार होतात, कारण आत सगळा हिशेब पैशांत, पूर्णांकात ठेवायचा असतो. सव्वा लाख रुपये आणि पन्नास पैसे म्हणजे १२५०००५०. यातलं एक शून्य कमी-जास्त झालेलं रिव्ह्यूमध्ये कोणाच्या नजरेला दिसणार? अंडरस्कोर लावता येतात, एलिक्सिर ते कुठेही लावू देतो, १_२५_००० असं आपल्या पद्धतीनेही. आणि तुम्ही स्वतः लावलेले असतील तर फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन) ते हलवत नाही. नुसते रुपये असते तर मी एवढ्यावरच थांबलो असतो. पैसे आले की ते पुरत नाही.

म्हणून ~आयएनआर[१,२५,०००.५०] असा सिजिल. तिन्ही अक्षरं मोठी. १.१५ पासून एकापेक्षा जास्त अक्षरांचं नाव चालतं, पण फक्त मोठ्या अक्षरांत. फंक्शन नको, मॅक्रो लिहा, नाहीतर तपासणी चालताना होईल आणि एवढा खटाटोप वाया जाईल. मॅक्रोला मजकूर बायनरीच्या वाक्यरचना-वृक्षात गुंडाळलेला मिळतो, त्यातून स्ट्रिंग बाहेर काढा. मग बघा की स्वल्पविराम आपल्या पद्धतीने आहेत का, शेवटचे तीन अंक आणि त्याआधी दोन-दोन. टिंबानंतर बरोबर दोन अंक आहेत का. नसतील तर तिथेच कंपाइलची चूक काढा, आणि संदेशात मूळ मजकूर छापा. असतील तर पूर्णांक परत द्या. साऱ्याला पंधरा-वीस ओळी लागतात. कोणी १२५,००० असा साहेबी स्वल्पविराम दिला की कंपायलर अडवतो, आणि मला विचाराल तर या सिजिलची निम्मी किंमत त्यातच वसूल होते.

टिंबानंतरचे अंक सक्तीचे ठेवा. आम्ही पहिल्यांदा ऐच्छिक ठेवले होते, आणि मग '५०० म्हणजे रुपये की पैसे' हा वाद ज्यासाठी मिटवला तोच परत सुरू झाला.

खर्चही सांगतो. नवा माणूस येतो, त्याला ~आयएनआर कुठून आला ते कळत नाही, कारण इम्पोर्ट कुठल्यातरी यूझच्या पोटात दडलेला असतो. तो इम्पोर्ट प्रत्येक फाइलच्या वर उघड लिहा. एकाक्षरी नाव घेऊ नका. दोन लायब्रऱ्यांनी तेच अक्षर घेतलं असेल तर वापरताना कंपायलर गोंधळ झाला म्हणून थांबतो, आणि कर्नलचं अक्षर हवं असेल तर आधी कर्नलमधून ते वगळून इम्पोर्ट करावं लागतं. फॉरमॅटर सिजिलच्या आतल्या मजकुराला हात लावत नाही, त्यासाठी वेगळा प्लगिन लागतो. रकमेसाठी त्याची गरज नाही. आणि एका प्रोजेक्टमध्ये स्वतःचे दोनाहून जास्त सिजिल झाले की मी तरी विचारतो, तिसरा का.

लीडसाहेबांशी बोलताना 'सिजिल वाईट' असं म्हणू नका, ते खरंही नाही. तुमच्या रेपोत तिन्ही गोष्टी शोधा: रकमा किती ठिकाणी हाताने लिहिल्यात, पिनकोड किती ठिकाणी, मोबाईल किती ठिकाणी. शेवटच्या दोन्ही बहुधा फक्त चाचण्यांच्या फाइलमध्ये सापडतील, तेही चार-पाच. तेवढा आकडा त्यांच्यासमोर ठेवा. आणि ती पिनकोडची तपासणी उघडून आधी देवनागरी अंक टाकून बघा. शेवटी यू लावलेला असेल तर आजच कोसळेल.